मुक्त संदर्भ-व्यवस्थापक आणि मराठी साधने : ‘माझा प्रवास’च्या निमित्ताने एक चिकित्सा

१. प्रस्तावना

झाशीहून ललितपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बबीना नावाचे स्थानक आहे. गाव लष्करी छावणीचे, शेजारी सरावाची मोठी मैदाने. छावणी म्हटली की बदल्या आल्या, आणि बदल्यांबरोबर देशाच्या सगळ्या भागांतली कुटुंबे आली. त्यांत मराठी घरेही असतात. समजा, तुम्ही अशाच एका घरातले आहात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पासाठी विषय घेतला आहे : ‘१८५८ची झाशी, विष्णुभट गोडसे यांच्या नजरेतून’. विषय अगदी दाराशी आहे, कारण झाशीचा किल्ला तुमच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. त्याची मराठी साधने मात्र रेल्वेने हजार किलोमीटरांहून अधिक दूर, पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत आहेत. जे काही मिळेल ते स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात, कुणी पाठवलेल्या पानांच्या छायाचित्रांत, किंवा सुट्टीत गावी गेल्यावर ग्रंथालयात बसून काढलेल्या टिपणांत. त्यात मध्येच वडिलांची किंवा आईची बदली झाली, तर वह्या ट्रंकेत जातील आणि ट्रंक कधी उघडेल हे सांगता येणार नाही.

अशा विद्यार्थ्याला वरिष्ठ विद्यार्थी आणि अध्यापक हमखास एक सल्ला देतात : ‘झोटेरो वापर, फुकट आहे.’ सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. या पाठात आपण संदर्भ आणि टिपणे सांभाळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरची चिकित्सा करणार आहोत. ही साधने काय चांगले करतात, मराठी साधनसामग्रीपुढे ती कुठे अडखळतात, आणि ती ‘मुक्त’ असण्याचा मराठी विद्यार्थ्याशी नेमका काय संबंध आहे, हे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवू : गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’.

२. साधन काय करते?

संदर्भ-व्यवस्थापक मुळात चार कामे करतो. पहिले, पुस्तक, लेख, प्रबंध, संकेतपृष्ठ यांची नोंद ठरावीक रकान्यांत साठवतो : लेखक, शीर्षक, संपादक, प्रकाशक, स्थळ, वर्ष. दुसरे, त्या नोंदीला पीडीएफ आणि टिपणे जोडून ठेवतो. तिसरे, तुम्ही वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये लिहीत असताना कंसातला संदर्भ किंवा तळटीप घालतो आणि शेवटी संदर्भसूची आपोआप तयार करतो. चौथे, ही सगळी माहिती एकाहून अधिक संगणकांवर सारखी ठेवतो.

झोटेरोची पहिली आवृत्ती २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने काढली. हे साधन इतिहासकारांच्या दालनातून आले आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हस्तलिखित, पत्र, मुलाखत, नकाशा यांच्यासाठी त्यात पहिल्यापासून वेगळे नोंदप्रकार आहेत. आरंभी ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडून चालत असे. आज तो स्वतंत्र कार्यक्रम आहे. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ त्यातच वाचता येते, रंगाने खूण करता येते आणि त्या खुणांवरून टिपण बनवता येते. तयार झालेल्या टिपणातल्या प्रत्येक उताऱ्यामागे पानाचा दुवा राहतो. ‘हे वाक्य मी कुठे वाचले होते?’ या जुन्या डोकेदुखीवर हा खरोखरचा उपाय आहे.

दुसरे नाव जॅबरेफ. २००३ पासून चालत आलेले हे साधन बिबटेक नावाच्या १९८५ मधील नोंदपद्धतीवर उभे आहे. त्याची माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत राहते आणि कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून वाचता येते. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र यांचे विद्यार्थी लेटेकमध्ये लिहितात. त्यांना ते जवळचे वाटते. मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला झोटेरो अधिक सोयीचा पडतो, म्हणून पुढील चर्चा मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

३. एका क्लिकची मर्यादा

झोटेरोची सर्वाधिक वाखाणली जाणारी सोय म्हणजे ब्राउझरमधले छोटे बटण. नियतकालिकाच्या संकेतस्थळावरचा इंग्रजी लेख उघडा, बटण दाबा. लेखक, शीर्षक, खंड, अंक, पृष्ठे, सारे आपोआप भरले जाते. हे घडते कारण त्या पानामागे प्रकाशकाने ही माहिती आधीच नीट मांडून ठेवलेली असते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक टाकला तरी नोंद भरली जाते, कारण कुणा ग्रंथालयाने ती आधी केलेली असते. म्हणजे साधन शोध लावत नाही, दुसऱ्याने केलेले काम उचलून आणते. ते काम जिथे झालेलेच नाही, तिथे बटण मुके होते.

आता आपल्या प्रकल्पाची साधने पाहा. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र १८९४ चे. चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ १९०७ चा. दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. आयएसबीएन ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९७० नंतर रूढ झाली. या तिन्ही पुस्तकांना तो क्रमांक असणेच शक्य नाही. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन-संग्रहांतून नोंद उचलली तर शीर्षक बहुधा रोमन लिपीत आणि मोडक्या वर्णरूपात येते, संपादकाचे नाव लेखकाच्या रकान्यात पडते, आणि वर्षाच्या जागी पुनर्मुद्रणाचे किंवा कुठलेही वर्ष असते. रकाने भरलेले दिसतात, म्हणून नोंद बरोबर वाटते. मोकळा रकाना निदान प्रश्न विचारतो, चुकीचा भरलेला रकाना तेही करत नाही.

दुसरे उदाहरण तुमच्या गावाचेच. बबीना हे नाव ‘ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, अशी व्युत्पत्ती तुम्ही ऐकली असेल. ती सांगणारे संकेतपृष्ठ एका क्लिकमध्ये झोटेरोत येईल. शीर्षक, दुवा आणि पाहिल्याची तारीख यांसह. तुमच्या संदर्भसूचीत ते पारसनीसांच्या शेजारी त्याच थाटात बसेल. पण त्या पानावर एखाद्या समकालीन कागदाचा, छावणीच्या आदेशाचा, जुन्या नकाशाचा आधार दिला आहे का? त्या काळी गावांना इंग्रजी आद्याक्षरांची नावे देण्याची रीत होती का? ‘नेटिव्ह एशिया’ हा शब्दप्रयोग तरी त्या काळच्या लष्करी लिखाणात कुठे आढळतो का? हे प्रश्न साधन विचारत नाही. ते विचारण्यासाठी ते बनवलेलेही नाही. दोष साधनाचा नाही, सूची सुबक दिसली की आधार भक्कम आहे असे मानण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

४. कोणता ‘माझा प्रवास’?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. विष्णुभट गोडसे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. घरच्या कर्जामुळे द्रव्यार्जनासाठी १८५७ मध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. सर ह्यू रोजच्या सैन्याने १८५८ च्या मार्चअखेरीस झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या आरंभी शहर घेतले, तेव्हा ते झाशीत होते. परतल्यावर पुष्कळ वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. इंग्रजी अमलात ती उघड करणे धोक्याचे होते, म्हणून ती पडून राहिली. गोडसे यांच्या निधनानंतर १९०७ मध्ये वैद्यांनी ती छापली. पण छापताना भाषा बदलली, मजकुरात मोठे फेरफार केले. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले आणि त्यावरून पोतदारांची १९६६ ची आवृत्ती निघाली. अमृतलाल नागर यांनी ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने हिंदी अनुवाद केला. मृणाल पांडे यांचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला, आणि प्रिया आडारकर व शांता गोखले यांचा २०१४ मध्ये.

तुमच्या प्रकल्पात ‘गोडसे म्हणतात’ असे वाक्य येते, तेव्हा कोण म्हणतात? १८८३ चे गोडसे, की १९०७ चे वैद्य? राणीच्या वर्णनातला एखादा शब्द तुम्ही पुराव्यादाखल घेतला आणि तो वैद्यांच्या लेखणीतून आलेला निघाला, तर तुमचा निष्कर्ष १८५८ च्या झाशीविषयी उरत नाही. तो १९०७ च्या मुंबई-पुण्यातील सुशिक्षितांविषयीचा होतो. तोही अभ्यासाचा विषय होऊ शकेल, पण मग तो वेगळा प्रकल्प आहे.

झोटेरो या प्रश्नात कितपत मदत करतो? अर्धवट. त्याच्या रचनेत प्रत्येक नोंद सुटी असते. ‘एक कृती, तिच्या अनेक आवृत्त्या, त्यांचे अनुवाद’ अशी उतरंड त्यात नाही. ‘माझा प्रवास’च्या सहा नोंदी केल्या तर त्या सहा अनोळखी पुस्तकांसारख्या यादीत पडून राहतात. त्यांना एकमेकींशी बांधण्यासाठी ‘रिलेटेड’ नावाची सोय आहे, पण ती फक्त ‘संबंध आहे’ एवढेच सांगते. कोणता संबंध ते सांगत नाही. शिवाय ‘दुबार नोंदी’ शोधणारी सोय शीर्षक, लेखक आणि वर्ष जुळवून पाहते. तुम्ही वर्षाचा रकाना रिकामा सोडलात, तर वैद्यांची आणि पोतदारांची आवृत्ती तिला एकच पुस्तक वाटू शकते. एका बेसावध क्षणी तुम्ही ‘एकत्र करा’ दाबता आणि साठ वर्षांचा संपादनेतिहास एका नोंदीत विरघळतो.

यावर उपाय आहे, तो हाताने करायचा आहे. प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद करा. लेखकाच्या रकान्यात गोडसे, संपादकाच्या रकान्यात वैद्य किंवा पोतदार. हस्तलिखिताचा उल्लेख करणार असाल, तर ‘हस्तलिखित’ हा नोंदप्रकार घेऊन संस्थेचे नाव संग्रहाच्या रकान्यात लिहा. पण ते स्वतः पाहिले नसेल, तर पाहिल्यासारखे दाखवू नका. हाती असलेली प्रत पुनर्मुद्रण असेल, तर तारखेच्या रकान्यात पुनर्मुद्रणाचे वर्ष टाका आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात ‘ओरिजिनल-डेट’ या खुणेने, रोमन लिपीत, नोंदवा. ए.पी.ए.सारख्या शैली ते वर्ष संदर्भात घेतात. आणि प्रत्येक नोंदीखाली एक वाक्याचे टिपण जोडा : ‘वैद्यांची आवृत्ती, भाषा व मजकूर बदललेला, थेट उद्धृतासाठी वापरू नये.’ सहा महिन्यांनी हे वाक्य तुम्हाला वाचवेल.

५. लिपी, नाव, शक : देवनागरीचे अडथळे

पुढच्या अडचणी लहान वाटतात, पण मराठी सूची बिघडते ती यांच्यामुळेच.

नावे : नोंदीत नावाचे दोन तुकडे असतात, आडनाव आणि पहिले नाव. ‘वि. का. राजवाडे’ आणि ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’ ही दोन नावे साधनाला दोन माणसे वाटतात. एक रूप ठरवा आणि सर्वत्र तेच ठेवा. कुसुमाग्रज, ज्ञानेश्वर अशा एकपदी नावांसाठी दोन रकाने मिटवून एकच रकाना करण्याची खूण नावाच्या शेजारीच आहे; ती वापरा, नाहीतर ‘ज्ञानेश्वर’ यांच्यापुढे एकाकी स्वल्पविराम लटकतो. आद्याक्षरे बनवणाऱ्या शैली रोमन लिपी गृहीत धरून घडलेल्या आहेत. ‘विश्वनाथ’चे ‘वि.’ नीट होते का, आडनाव आणि नाव यांत स्वल्पविराम पडतो का, हे एखादी चाचणी-नोंद घालून सुरुवातीलाच पाहून घ्या. शंभर संदर्भ घातल्यावर पाहू नका.

वर्ष : जुन्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पुष्कळदा शके असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवावे, जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत ७९. शके १८२९ म्हणजे महिना न कळल्यास १९०७–०८. तारखेच्या रकान्यात इसवी सन लिहा आणि शके ‘एक्स्ट्रा’ रकान्यात जसाच्या तसा ठेवा, कारण रूपांतर हा तुमचा अर्थ आहे आणि मुखपृष्ठ हा पुरावा. आणखी एक : या रकान्यात अंक इंग्रजी पद्धतीचे वापरा. देवनागरी अंक वर्ष म्हणून ओळखले जातील, असे गृहीत धरू नका. न ओळखल्यास कालक्रम बिघडतो. अंतिम प्रतीत देवनागरी अंक हवे असतील, तर ते शेवटी बदलावे लागतात. ही कटकट आहे, आणि मराठीसाठी तिचे समाधानकारक उत्तर अजून साधनात नाही.

शब्दरूपे : पारसनीसांच्या १८९४ च्या पुस्तकात ‘झांशी’ आहे, आज आपण ‘झाशी’ लिहितो, हिंदीत ‘झाँसी’. वृंदावनलाल वर्मा यांची १९४६ ची कादंबरी शोधताना तुम्ही ‘झाशी’ टंकलेत, तर ती सापडणार नाही. शीर्षक मूळ पुस्तकात असेल तसेच ठेवा. शोधासाठी मात्र सर्व नोंदींना ‘झाशी’ अशी एकच खूणचिठ्ठी लावा.

सूचीतील इंग्रजी : शैलीची भाषा इंग्रजी असेल, तर मराठी नोंदीतही ‘संपा.’च्या जागी ‘एड.’ रोमन लिपीत येते आणि ‘व इतर’च्या जागी ‘एट ऑल’. शैली निवडताना भाषेची यादी पाहा. मराठी मिळाली नाही, तर ही तीनचार रूपे शेवटी हाताने दुरुस्त करा. एकाच नोंदीत देवनागरी, रोमन लिप्यंतर आणि भाषांतर असे तिन्ही ठेवता यावे, यासाठी फ्रँक बेनेट यांनी झोटेरोवरूनच ज्युरिस-एम हे बहुभाषिक रूप घडवले होते. मूळ साधनाने ती सोय अद्याप आपलीशी केलेली नाही. बहुभाषिक देशातल्या वापरकर्त्याची ही रास्त तक्रार आहे.

फॉन्ट : ही अडचण सर्वांत फसवी. गेल्या काही दशकांतली पुष्कळ मराठी पुस्तके आणि मासिके श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली आहेत. पीडीएफ उघडल्यावर मराठी स्वच्छ दिसते. पण उतारा उचलून टिपणात चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा हाती येतो. झोटेरो पीडीएफमधला मजकूर शोधासाठी अनुक्रमित करतो, तेव्हा तो हाच चिवडा साठवतो. मग ‘लक्ष्मीबाई’ शोधून शून्य निकाल आला, तर त्याचा अर्थ ‘पुस्तकात उल्लेख नाही’ असा नव्हे. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, फक्त चित्र असते. म्हणून शोधाच्या निकालावरून नकारार्थी विधान करू नका. वाचा, आणि महत्त्वाचा उतारा स्वतः टंका.

६. टिपण म्हणजे खूण नव्हे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोशाचे काम चालू आहे. त्यासाठी सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमवल्या गेल्या. अशा कामात एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला तो उतारा, आणि ग्रंथातले नेमके स्थान असते. स्थान नसलेल्या चिठ्ठीला कोशात किंमत नाही. मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या आणि पुढे १९५० पर्यंतच्या मुद्रित ग्रंथांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली, तीही अशाच एकेक नोंदीने. आजही मुखपृष्ठ फाटलेल्या जुन्या पुस्तकाचे वर्ष ठरवताना तुम्ही आधी दात्यांकडे जावे.

या परंपरेसमोर झोटेरोची टिपणाची सोय ठेवून पाहा. पिवळ्या रंगाने शंभर वाक्ये रंगवणे आणि एका क्लिकने त्यांचे ‘टिपण’ बनवणे सोपे आहे. पण ती फक्त पुस्तकाची लहान प्रत झाली. चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाला हाताच्या श्रमामुळे निवड करावी लागे. साधन ते श्रम वाचवते, आणि बरोबर निवडही वाचवते. म्हणून टिपणांत तीन प्रकार ठरवून वेगळे ठेवा : अवतरणचिन्हांतला शब्दशः उतारा, तुमच्या शब्दांतला सारांश, आणि तुमचे मत किंवा शंका. तिन्हींच्या आरंभी ‘उ’, ‘सा’, ‘म’ अशी खूण करा. अनवधानाने होणारी वाङ्मयचोरी बहुतेकदा इथेच जन्मते : चार महिन्यांपूर्वीचा उतारा आज आपलाच सारांश वाटू लागतो.

७. फुकट आणि मुक्त

इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीत आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द आहेत, त्यांचा फायदा घेऊ. फुकट म्हणजे किंमत नाही. मुक्त म्हणजे कार्यक्रम चालवण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य आहे. झोटेरो आणि जॅबरेफ मुक्त आहेत. मेंडली फुकट आहे, मुक्त नाही. २०१३ पासून ते एल्सेव्हियर या प्रकाशन-कंपनीच्या मालकीचे आहे. टिपणांसाठी लोकप्रिय असलेले ऑब्सिडियनही फुकट आहे, पण त्याचा स्रोत खुला नाही. मात्र त्याची टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत तुमच्याच संगणकावर राहतात, ही त्याची जमेची बाजू. लॉगसेक हा त्याचा मुक्त पर्याय.

हा फरक पुस्तकी नाही. २००८ मध्ये एंडनोट या विकाऊ साधनाची मालक कंपनी थॉमसन रॉयटर्स हिने झोटेरोविरुद्ध दावा लावला. एंडनोटच्या शैली-फाइली झोटेरोत वाचता येतात, ही तिची तक्रार होती. २००९ मध्ये न्यायालयाने तो दावा फेटाळला. २०१८ मध्ये मेंडलीने वापरकर्त्याच्या संगणकावरील माहितीसाठा कूटबद्ध केला. सुरक्षिततेचे कारण दिले गेले. पण परिणाम असा झाला की तो साठा झोटेरोसारख्या दुसऱ्या साधनाला थेट वाचता येईना.

आता वरच्या सगळ्या चर्चेचा इथे काय संबंध, ते पाहा. इंग्रजी नियतकालिकांतले दोनशे लेख क्लिकने गोळा करणाऱ्याचा साठा उद्या हरवला, तर तो आठवडाभरात पुन्हा गोळा होईल. माहिती बाहेर तयारच आहे. तुमच्या वीस मराठी नोंदी मात्र तुम्ही मुखपृष्ठे पाहून, शके बदलून, आवृत्त्या वेगळ्या करून, उतारे टंकून केलेल्या आहेत. त्या बाहेर कुठेही नाहीत. ज्याला नोंद फुकटात मिळते त्याला कुलूप परवडते. ज्याने ती हाताने घडवली त्याला परवडत नाही. म्हणून साधन मुक्त असण्याची गरज इंग्रजी माध्यमाच्या संशोधकापेक्षा मराठी विद्यार्थ्याला अधिक आहे. ‘पैसे वाचतात’ हे कारण दुय्यम आहे.

मुक्त साधनही आंधळेपणाने वापरू नये. झोटेरोच्या सर्व्हरवर फाइलींसाठी विनामूल्य जागा ३०० एमबी आहे. स्कॅन केलेली जुनी पुस्तके जड असतात; मोजकी चारपाच पुस्तकेही ती जागा संपवू शकतात. नोंदी आणि टिपणे मात्र या मर्यादेत मोजली जात नाहीत. तेव्हा सर्व्हरवर नोंदी ठेवा, पीडीएफ आपल्या पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर ठेवा. महिन्यातून एकदा सगळा संग्रह निर्यात करून बाजूला ठेवा. बदलीच्या आधी तर नक्कीच.

८. मूल्यमापन

झोटेरो वापरावा का? होय, आणि पहिल्या वर्षापासूनच. संदर्भ, पीडीएफ आणि टिपण एकत्र राहणे, पानापर्यंतचा दुवा टिकणे, आणि साठा आपल्या ताब्यात असणे, हे तीन लाभ मोठे आहेत. पण त्याची मुख्य जाहिरात जी स्वयंचलित नोंद, ती मराठी साधनांपुरती जवळजवळ बाद समजावी. आवृत्त्यांची उतरंड नसणे आणि बहुभाषिक नोंदीची सोय नसणे हे त्याच्या रचनेतले दोष आहेत, वापरकर्त्याचे नव्हेत. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. रिकामा नोंद-तक्ता तुमच्यापुढे दहा प्रश्न ठेवतो : कोणी लिहिले, कोणी संपादले, कुठे छापले, केव्हा, कितवी आवृत्ती. इंग्रजी लेखाच्या बाबतीत ही उत्तरे न वाचताच भरली जातात. मराठी पुस्तकाच्या बाबतीत तुम्हाला ती शोधावी लागतात, आणि ‘कोणता माझा प्रवास?’ हा प्रश्न त्या शोधातच प्रथम भेटतो. साधनाची उणीव इथे अभ्यासाची पहिली पायरी ठरते. ती चढण्याचा कंटाळा करू नका.

९. सारांश

• संदर्भ-व्यवस्थापक दुसऱ्याने केलेली नोंद उचलतो. मराठी जुन्या ग्रंथांची नोंद मुखपृष्ठ पाहून स्वतः करावी.
• प्रत्येक आवृत्तीची आणि अनुवादाची नोंद वेगळी. संपादकाचा रकाना कधीही रिकामा सोडू नये.
• शके, नावाचे रूप, शब्दरूप आणि फॉन्ट यांची तपासणी प्रकल्पाच्या आरंभी करावी.
• शोधात न सापडणे म्हणजे मजकुरात नसणे नव्हे.
• हाताने घडवलेला साठा मुक्त साधनातच ठेवावा आणि नियमित निर्यात करावा.

१०. स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या ग्रंथालयातील १९७० पूर्वीचे एक मराठी पुस्तक घ्या. त्याची झोटेरोत नोंद करा आणि कोणत्या रकान्यांसाठी तुम्हाला निर्णय घ्यावा लागला, ते दहा ओळींत लिहा.
२. ‘माझा प्रवास’च्या कोणत्याही दोन आवृत्त्या किंवा अनुवाद मिळवून झाशीच्या वेढ्याचा एकच प्रसंग ताडून पाहा. फरक कोणत्या संपादकाचा अथवा अनुवादकाचा, हे तुमच्या संदर्भातून वाचकाला कळते का?
३. तुमच्या गावाच्या नावाची प्रचलित व्युत्पत्ती घ्या. तिचा सर्वांत जुना लिखित आधार कोणता, ते शोधा. आधार सापडला नाही, तर तसे स्पष्ट लिहा.
४. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या भेदाचे महत्त्व तुम्ही रोज वापरत असलेल्या एखाद्या साधनाच्या आधारे विशद करा.